धड्यातला फोटो

पद्माक्कांचं पत्र कलघटगीहून श्रावणात आलं होतं, आणि सुमंतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्राला उत्तर न देणारा माणूस असं त्यांच्याबद्दल एरवी कुणी म्हटलं नसतं. फोनवर त्यांची जीभ अडखळायची, समोरासमोर तर जास्तच. म्हणून धारवाडला मळमड्डीत चिनी भाषेचा वर्ग सुरू केला त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, की शंका असेल ती कागदावर लिहून द्या, मी कागदावरच उत्तर देईन. मुलं हसली होती, पण पुढे लिहू लागली. कुणी टेबलावर चिठ्ठी ठेवून जायचं, गावाला गेलेलं असलं तर कार्ड टाकायचं, आणि सुमंतराव एकेका शंकेला दोन-दोन पानं लिहायचे. अक्षर मुळात कसं काढत, त्याचा आकार कसकसा बदलला, सगळं. हे एकच पत्र राहिलं. त्यातली शंका एका ओळीत फिटली असती. पद्माक्कांनी लिहिलं होतं, ‘सर, सा. न. इकडे अक्काच्या पायाचं हाड जुळेपर्यंत मला हलता येत नाही, वर्ग बुडतो याचं वाईट वाटतं. तुम्ही धड्यात माझा फोटो घातला होता, त्याच्याखालची ओळ मी नसताना शिकवलीत वाटतं. त्यातलं नाइनाइ म्हणजे आजी एवढं कळलं, पुढचं कळलं नाही. उमेशला विचारलं तर म्हणतो, काही नाही गं आई, गंमत आहे. त्याची मेई मात्र मला फोनवर बघितलं की तेच म्हणते आणि पोट धरून हसते. आजी आली, असं काही असेल का? सवडीने कळवा.’ सवडीने या शब्दावर सुमंतरावांची नजर तेव्हा अडकली होती. सवड त्यांना दिवसभर असे. दिवाळी झाली, थंडी पडली, पत्र टेबलावर शब्दकोशाखाली राहिलं, आणि शब्दकोश उघडायची वेळ आली की ते दुसरा उघडू लागले.

मंगळवारी सकाळी ते स्कूटर दुरुस्तीच्या दुकानापाशी रस्ता ओलांडायला उभे होते. त्यांच्यासमोर रिक्षा थांबली आणि आतून कुणीतरी मोठ्यानं, अगदी खणखणीत म्हणालं, ‘नाइनाइ खाचू ल!’ धारवाडच्या रस्त्यावर चिनी वाक्य कानी पडेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. सुमंतरावांनी मान वर केली. रिक्षातून पद्माक्का वाकून बघत होत्या, मांडीवर पिशव्यांचा ढीग, चेहरा हसून फुललेला.

‘काय हो सर, ओळख विसरलात काय? की मी एवढी वाळले?’

‘नाही, नाही. कधी आलात?’

‘झाले की दहा-बारा दिवस. आणि आता शनिवारी निघाले! उमेशकडे. चार वर्षांत पहिल्यांदा पोरीला हात लावून बघणार. तिखट-मिठाच्या पुऱ्या नेऊ का नको, ते विमानवाले काढून घेतात म्हणे.’ मग त्या आणखी पुढे वाकल्या. ‘सर, तुमचं ते वाक्य! फोन लागला की पहिलं तेच म्हणते मी. मेई तर लोळते हो हसून. तिची ती दुसरी आजी, कधी तोंड उघडायची नाही माझ्यासमोर, ती पण परवा पडद्यावर आली हसत हसत. पोरीचा वाढदिवस आहे, तिकडची सगळी मंडळी हॉटेलात यायची आहेत. मी उभी राहून म्हणणार आहे, ठरलंय माझं. बरोबर येतं ना पण? बघा हं. नाइनाइ खाचू ल.’

आणि सुमंतराव, वर्गातल्या सवयीनं, म्हणाले, ‘पहिल्या नाइचा स्वर जरा आणखी खाली न्या.’

पद्माक्कांनी हनुवटी खाली नेत, हवेत हाताने खळगा काढत, पुन्हा म्हटलं. ‘आत्ता?’

‘आत्ता बरोबर.’

‘अक्का, होगोणेन्री?’ रिक्षावाला कंटाळून म्हणाला. ‘चल की बाबा,’ पद्माक्का म्हणाल्या, आणि रिक्षा गेली. सुमंतराव रस्ता न ओलांडताच घरी परतले. कशासाठी बाहेर पडलो होतो ते त्यांना आठवलं नाही. आठवत होतं एवढंच, की आपण उच्चार दुरुस्त केला. ती बाई स्वतःची थट्टा स्वतःच्या तोंडानं पाठ करून चाललेली होती, आणि आपण तिला ती शुद्ध करून दिली.

खाचू ल म्हणजे अडकली. फोनवर चित्र मध्येच थिजतं, माणसाचं तोंड उघडं राहतं आणि आवाज येत नाही, तसं अडकणं. आजी अडकली. यापलीकडे त्या ओळीत काही नव्हतं. ती ओळ सुमंतरावांनी स्वतः केली होती, आयुष्यात केलेला पहिला विनोद म्हणून. वर्गाला जागा मिळाली होती ती झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, आणि वर्गात येणारी माणसं म्हणजे जवळच्या बेलूरच्या कारखान्यांत चिनी यंत्रांवर काम करणारी पोरं, हुबळीहून येणारा, चीनमधून मोबाईलची कव्हरं मागवणारा प्रभंजन नावाचा व्यापारी, आणि चिनी सुनेच्या मुलीसाठी, नातीसाठी, शिकणाऱ्या पद्माक्का. सुमंतरावांकडे होती ती दिल्लीत शिकताना घेतलेली जुनी पाठ्यपुस्तकं. त्यांत ट्रॅक्टर होते, सहकारी शेती होती, भल्या पहाटे उठून दात घासणारे आदर्श तरुण होते. प्रभंजन जांभया द्यायचा. वर्ग ओसरत चालला तेव्हा त्यांच्या मदतीला स्मृती आली, पंचविशीतली मुलगी, जी चिनी भाषा कुठल्याही विद्यापीठात न जाता इंटरनेटवर बसून शिकली होती. तिनं पहिल्या दिवशी पडद्यावर एक मांजर दाखवलं. मांजर ओलं होऊन बादलीत बसलेलं, आणि खाली तीन चिनी अक्षरं, ‘सोमवार आला.’ सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती तीन अक्षरं प्रत्येकाला लिहिता येत होती. सुमंतरावांनी ट्रॅक्टरवाल्या धड्यातलं एकही वाक्य असं कुणाच्या हातात उतरलेलं पाहिलं नव्हतं. ‘सर, तिकडची पोरं दिवसभर ह्याच भाषेत बोलतात,’ स्मृती म्हणाली. ‘तुमचा तो आदर्श तरुण आता कुणी नाही. आता सगळे बादलीतलं मांजर.’ ते घरी जाऊन रात्रीच्या जेवणापर्यंत तसली चित्रं बघत बसले. चष्मा लावलेला कोबी आणि खाली ‘साहेब विचार करतायत.’ उलटं पडलेलं कासव, ‘प्रयत्न चालू आहेत.’ त्यांना आधी किळस आली, मग कुतूहल वाटलं, आणि मग एका चित्राला ते एकटेच हसले, तेव्हा स्वयंपाकघरातून कुसुमावतींनी, त्यांच्या पत्नीनं, काय झालं म्हणून डोकावून पाहिलं.

हसवता येतं ही गोष्ट त्यांना सत्तरी ओलांडल्यावर कळली. ते चित्र दाखवून नुसते गप्प उभे राहत, आणि त्यांच्या गप्प राहण्यानंच पोरं जास्त हसत. प्रभंजन म्हणे, ‘सर, तुम्ही बेक्कार आहात हं!’ आणि तो शब्द कौतुकाचा आहे हे त्यांना दोन दिवसांनी समजलं. ते वर्गाला लवकर जाऊ लागले. शर्ट इस्त्रीचा घालू लागले. स्वर, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, शिकवताना हवेत हात फिरवायची त्यांची जुनी पद्धत होती; पहिल्या स्वराला हात सरळ, दुसऱ्याला वर, तिसऱ्याला खळगा, चौथ्याला वरून खाली. पद्माक्का हाताबरोबर सगळं डोकंच फिरवायच्या. तिसऱ्या स्वराला त्यांची हनुवटी गळ्यात जायची आणि तिथंच राहायची, हात हवेत, तोंड उघडं, डोळे छताकडे, पुढचा शब्द येईना. अशा एका क्षणी स्मृती फळ्याचा फोटो काढत होती, त्यात त्या आल्या. सुमंतरावांनी तो फोटो तिच्याकडून मागून घेतला. घरी बसून त्यांनी त्याच्याखाली ओळ लिहिली, तीनदा खोडली, ‘आजी विचार करते’ केलं, ‘आजी थांबली’ केलं, आणि मग अडकली हा शब्द सापडला तेव्हा त्यांना अनुवादकाला नेमका शब्द सापडल्यावर होतो तसा आनंद झाला. पद्माक्का वर्गाला नव्हत्या त्या दिवशी त्यांनी तो पडद्यावर लावला. इतका हशा त्या खोलीत कधी पिकला नव्हता. बेलूरचा एक मुलगा बाकावरून घसरला. प्रभंजननं लगेच तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायला लावला, आणि सुमंतरावांनी टाकू दिला. पद्माक्कांनी ग्रुपवर तो बघितला, हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि सरांनी मला धड्यात घेतलं असं लिहून मुलाकडे, परदेशात, पाठवून दिला.

तो त्यांनीच पाठवला, आपण नाही, या विचाराला सुमंतराव श्रावणापासून धरून होते, आणि तो त्यांना धरवत नव्हता. हसणाऱ्या वर्गासमोर उभं असताना त्यांना आतून काय वाटलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुटका वाटली होती. दिल्लीच्या कचेरीत ते तीस वर्षं चिनी शेतीशास्त्राचे निबंध भाषांतर करत बसले, आणि त्या तीस वर्षांत एकदाच त्यांना बोलायला बोलावलं होतं. रेशीम पिकवणाऱ्या लोकांचं एक पथक चीनहून आलं होतं. नेहमीचा दुभाषा आजारी. लांब टेबल, मधोमध फुलं, आणि समोरच्या वयस्कर बाईनं साधा प्रश्न विचारला, अंडी फुटायला इकडे किती दिवस लागतात. अंडी, फुटणं, दिवस, हे शब्द त्यांनी शेकडो वेळा लिहिले होते. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कुणी हसलं नाही. ती बाई मान किंचित कलती करून धीरानं वाट बघत राहिली, लहान मुलाची बघावी तशी, आणि साहेबांनी कपात चहा ओतायला सुरुवात केली. शेवटी हाताखालच्या मुलानं उत्तर दिलं. त्यानंतर त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि त्यांनी सुटल्यासारखं बोलण्याचं दार लावून घेतलं. ते दार पद्माक्कांच्या फोटोवर वर्ग हसला तेव्हा उघडल्यासारखं वाटलं होतं. कारण तो चेहरा आपला नव्हता. या वेळी तो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

बुधवारी संध्याकाळी ते सांगायचं ठरवून पद्माक्कांच्या घरी निघाले. घर तीन बोळ पलीकडे, पुढे छोटं अंगण, तगरीचं झाड. फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि आतून फोनचा आवाज आला. मोठा करून ठेवलेला, बहिऱ्या माणसासारखा. पोरगी काहीतरी भराभर बोलत होती. सुमंतरावांना समजलं, ती विचारत होती की विमानात उशी देतात का. पद्माक्कांना ते समजलं नाही. मग पद्माक्का म्हणाल्या, ‘नाइनाइ खाचू ल!’ आणि तिकडून जो हास्याचा फवारा उडाला तो फाटकापर्यंत आला. पद्माक्काही हसत होत्या. पहिल्या नाइचा स्वर व्यवस्थित खाली गेला होता. पोरीचा उशीचा प्रश्न तसाच राहिला, पुन्हा तिनं तो विचारला नाही. सुमंतरावांनी कडी न वाजवता हात काढला. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, ‘कोण पाहिजे हो?’ ते ‘कुणी नाही’ म्हणाले आणि चोरासारखे वळले.

घरी कुसुमावती शेंगा सोलत बसल्या होत्या. ‘काय हो, चेहरा का असा? पद्माक्का नव्हत्या काय घरी?’

त्यांनी फोन काढून फोटो त्यांच्यापुढे धरला. सांगायला सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. कुसुमावतींनी चष्मा वर केला आणि फस्सकन हसल्या. मग नीट बघितलं. ‘अगंबाई. पद्माक्काच की.’ खाली काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं, सुमंतरावांनी सांगितलं, कुणी लिहिलं तेही सांगितलं. मेई, वाढदिवस, हॉटेल, सगळं सांगितलं.

‘तुम्ही? तुम्ही केलंत हे?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्या अंगात हे होतं याचं नवल होतं, आणि ते सुमंतरावांना रागापेक्षा अवघड गेलं. मग त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. ‘असू द्या की आता. पोर हसतंय, ती हसते, तिकडच्या विहीणबाई हसतात. दोन दिवसांवर प्रवास आलाय. कशाला तिच्या तोंडचा घास कडू करता?’

‘ती उभी राहून म्हणणार आहे.’

‘मग म्हणू दे. हसतील सगळे.’

‘हसतील,’ सुमंतराव म्हणाले, ‘म्हणूनच.’ डोळ्यांपुढे गोल टेबल येत होतं, फिरतं, त्यावर वाफाळणारे पदार्थ, आणि नऊवारीत उभ्या पद्माक्का. सगळी मंडळी हसतायत आणि त्या थांबल्यायत, पोर धावत येऊन बिलगेल म्हणून. आणि उमेश, ज्याला अर्थ पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तो खाली आपल्या ताटलीत बघतोय. त्या ताटलीत बघणाऱ्या मुलाचा सुमंतरावांना राग येत होता. तो गंमत आहे म्हणून मोकळा झाला. आणि आपण? आपण तर ताटलीत बघण्यात मुरलेले.

‘पत्र लिहितो,’ ते म्हणाले.

‘पत्र? तीन बोळ पलीकडं राहणाऱ्या बाईला पोस्टानं पत्र? चला, मी येते बरोबर. नाहीतर मीच सांगते.’

‘नको. शंका त्यांनी मला विचारली होती. लिहून.’

‘तुमच्या ह्या लिहिण्यानं,’ कुसुमावती म्हणाल्या, पण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, उठून टेबलावरचा दिवा लावून दिला.

पहिलं उत्तर तीन पानी झालं. त्यात अडकणे या अर्थाच्या त्या अक्षराची फोड होती, वरचं चिन्ह आणि खालचं चिन्ह एकात एक रुतलेलं, म्हणजे वरही नाही नि खालीही नाही अशी अवस्था. मग चिनी तरुणांची विनोदबुद्धी, अशा चित्रांचा भाषाशिक्षणात होणारा उपयोग, स्मरणशक्तीवर हास्याचा परिणाम. वाचून पाहिलं तर निबंध चांगला होता. पद्माक्का त्यात कुठे नव्हत्या, आणि हे कुणी केलं तेही नव्हतं, कारण सगळी वाक्यं ‘केले जाते’, ‘म्हटले जाते’ अशी होती. त्यांनी तो फाडला. दुसऱ्यात क्षमा इतक्या वेळा मागितली होती की वाचणारीला त्यांचीच समजूत काढत बसावं लागलं असतं. तोही फाडला. सकाळी उठून, चहा घ्यायच्या आधी, त्यांनी तिसरं लिहिलं आणि ते एकाच बाजूला मावलं.

‘पद्माक्का, सा. न. तुमच्या श्रावणातल्या पत्राचं हे उत्तर. ओळीचा अर्थ आजी अडकली असा आहे. बोलताना शब्द आठवला नाही की तुमचा चेहरा जसा होतो त्यावर तो विनोद आहे. ती ओळ धड्यातली नाही. मी केली, वर्गाला हसवण्यासाठी, तुम्ही नसताना. सगळे हसले आणि मला बरं वाटलं. तुमचं पत्र आलं तेव्हाच हे सांगायला हवं होतं. मला लाज वाटली म्हणून नाही सांगितलं, आणि परवा रस्त्यात तर मी तुमचा उच्चार सुधारला. मेईचा दोष नाही, ती लहान आहे, तिच्यापुढे चित्र गेलं ते माझं. तुम्हाला म्हणायचं होतं ते आजी आली. त्याला नाइनाइ लाइ ल असं म्हणतात. लाइचा स्वर वर जातो, प्रश्न विचारल्यासारखा. आणि बुधवारी फोनवर ती तुम्हाला विचारत होती की विमानात उशी देतात का. मी फाटकाशी होतो, आत आलो नाही. देतात. वाढदिवसाला कुठली ओळ म्हणायची ते तुम्ही ठरवा; पहिलीच म्हणावीशी वाटली तर अर्थ ठाऊक ठेवून म्हणा. शुक्रवारी दिवसभर मी घरी आहे. शिकायला आलात तर शिकवीन, बोलायला आलात तर ऐकेन, नाही आलात तरी बरोबरच आहे. सुमंत.’

पोस्टापर्यंत जाताना पत्र त्यांनी छातीच्या खिशात ठेवलं नाही, हातात धरलं, सगळ्यांना दिसेल असं, म्हणजे मग परत फिरता येणार नाही. वाटेत स्मृती स्कूटरवरून आली, थांबली. ‘सर, आज वर्गाला काय लावू? नवीन दहा आलेत, एक तर काय भारी आहे, शाळेतला शिपाई झोपलेला!’

‘तो शिपाई खरा आहे का गं?’

‘म्हणजे?’

‘कुणाचा तरी बाप असेल.’

स्मृतीनं त्यांच्याकडे बघितलं. ‘सर, असं धरलं तर काहीच लावता येणार नाही,’ ती हळूच म्हणाली.

‘मांजर लाव,’ ते म्हणाले.

पोस्टाच्या ओट्यावर झाडणारी शेवंता पाणी शिंपडत होती. आत खिडकीशी कारकून नुकताच येऊन बसला होता. इथलं इथं पत्र कधी मिळेल, असं सुमंतरावांनी विचारलं, आणि विचारताना ते अडखळले, ‘इथलं’वर दोनदा थांबले. कारकून मान वर करून वाट बघत राहिला. वाक्य पुरं झालं. ‘आत्ता टाकलं तर उद्या दुपारच्या आत,’ तो म्हणाला. ‘पेटी आत्ता काढतोच आहे.’

सुमंतराव बाहेर, भिंतीत बसवलेल्या पेटीपाशी आले. लिफाफा फटीत अर्धा गेला आणि त्यांनी तो बोटांच्या चिमटीत तसाच धरून ठेवला. पद्माक्का उद्या दुपारी पिशव्यांच्या ढिगात बसल्या असतील. पुऱ्या तळून झाल्या असतील. चष्मा शोधतील, सरांचं पत्र म्हणून आनंदानं फोडतील, आणि वाचता वाचता मध्येच त्यांचा चेहरा थांबेल. तो चेहरा फक्त त्यांना एकट्यांनाच ठाऊक असणार होता. त्याच्याखाली कुणी काही लिहिणार नव्हतं.

‘टाका की अण्णा,’ शेवंता मागून म्हणाली, ‘मला तिथलं झाडायचंय.’

त्यांनी चिमूट सोडली. आत कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला. खात्री करायला त्यांनी फटीत बोटं घातली, आणखी आत घातली, तेवढ्यात आतल्या बाजूनं पेटीचं दार उघडलं आणि कारकुनाचा आवाज आला, ‘बिद्दैत्री सर, पडलं, पडलं. हात काढा आता.’